दुसरी गोळी वाटून टाकली त्याची हकीकत

वरठी,
रोवणीच्या तोंडावर

माह्या मोठ्या बहिणीले, बाईले, धाकटीचा, म्हणजे विमलाचा, जयभीम. भाऊजीलेही माहा जयभीम सांग, पण हे पत्र सांगू नको. तुह्या सुनेच्या, रश्मीच्या हातात तं देऊच नको, कारण तिले माहं अक्षर लागत नाही, आन् जे अक्षर लागत नाही ते ती मोठ्यानं वाचते, म्हणजे आंगणातले चार लोक मिळून लावतील. चष्मा घे, मागच्या दारी जाऊन बस आन् सोता वाच. एका दमात नाही झालं तं दोन दमात वाच. तुहा बीपी कसा हाये? नवे दात तोंडात बसले का अजून डबीतच बसले हायेत? गाय व्याली का? भाऊजीचा खोकला कमी झाला का? इथं सगळे मजेत हाये. सुगतचे बाबा मजेत हाये (म्हणजे जेवते, प्लांटमध्ये ड्युटीवर जाते आन् दिवसातून एखादा शब्द बोलते, तेवढीच त्यायची मजा). सुगत नागपुरात मजेत हाये, असं तो म्हणते. मी पण मजेत हाये. पण माही मजा कशी हाये ते सांगाले जागा लागते म्हून पत्र लिहून राहिली, नाहीतं फोनच केला असता. फोनवर ह्या गोष्टी होत नाही बाई. आमच्या इथल्या एसटीडीवाल्याच्या खोलीचं दार लागत नाही आन् बाहेर उभे राहणारे सगळे अंगणवाडीतल्या पोट्ट्यायचे बाप.

तुले आठवत असन, ज्या उन्हाळ्यात गोंदिया आपल्यातून निघून वेगळा जिल्हा झाला, त्याच उन्हाळ्यात माही पाळी गेली. दोघायचंही जाऊ-जाऊ बरेच दिवसापासून चालू होतं. (जिल्ह्यानं तरी जाताना टेबल, खुर्च्या, बाबू वाटून देल्ले. हिनं मले झोपसुद्धा ठेवली नाही.) मंग त्या वाफा सुरू झाल्या. छातीतून निघे, मानेवरून चढे, आन् डोक्यातून बाहेर, जसं धान उसनाच्या हंड्यावरचं झाकण काढलं. पौषात पंखा लावून झोपत होती मी, आन् सुगतचे बाबा दोन गोधड्यायच्या खाली, न बोलता, कानटोपी घालून. अंगणवाडीत खिचडी वाढता वाढता इतका घाम येई का पोट्टे म्हणत, "बाई रडून राहिल्या." मी म्हणो, "नाही रे, खिचडीची वाफ हाये." तं एक म्हणे, "खिचडी तं थंडी हाये." आता ह्याले काय सांगाचं?

भंडाऱ्याच्या डॉक्टरीन बाईनं तपासून दोन गोळ्या देल्ल्या. पहिली रोज घ्याची. दुसरी महिन्यातले शेवटले काही दिवस, पहिलीच्याच संगं. दुसरी थांबली का दोन-चार दिवस थोडं रक्त जाईन, त्याले भ्याचं नाही, ते ठरलेलं जाणं. पण दुसरी सोडाची नाही, तुमची गर्भपिशवी जागेवर हाये, हे तिनं दोनदा सांगतलं. मी तसंच ऐकलं जसं बाया लोहाच्या गोळ्यायचं माह्याकडून ऐकते: मान पूर्ण हालवली, कान अर्धाच देल्ला. पहिली गोळी लागू पडली बाई. महिनाभरात झोप आली, वाफा गेल्या, पोट्ट्यायले मी हसताना दिसू लागली. दुसरीचा मले रागच होता. मोठ्या मुश्किलीनं गेलेला पाहुणा ती दर महिन्याले बोलावून आणे.

अशात आल्या महालक्ष्म्या. आपल्याले त्याचं काही घेणं-देणं नाही, आपल्या बुढ्यायनं छप्पन सालीच ते गाठोडं नदीले देल्लं. पण माह्या घराच्या मागं रुखमिणी राह्यते, दोन एकर धान, दोन म्हशी, सून आन् तिचं लहानसं पोट्टं. तिच्या घरी महालक्ष्म्या कडक. वीस वर्षं झाले आमचं बोलणं कुंपणावरून चालते. ती वांगे देते, मी शेवग्याच्या शेंगा देते, पण चहा ठेवू का म्हटलं तं ती नेहमी आत्ताच घेऊन आलेली असते. वीस वर्षं ती आत्ताच घेऊन येऊन राहिली. त्या दिवशी मात्र ती कुंपण वलांडून थेट माह्या मागच्या दारात आली, हातात गोळ्यायचा रिकामा पत्ता, चांदीच्या कागदाचा. म्हणे, "विमलाबाई, तुमी गोळ्यायचं पाहता. सुनेची तारीख नेमकी महालक्ष्म्यातच येऊन राहिली. लांबवाची गोळी भंडाऱ्यात एका दुकानात नाही, सगळ्या बायायनं नेल्ली." मी पत्ता पाहिला. नाव वाचलं. घरात जाऊन माही दुसरी गोळी पाहिली. तेच नाव! मले इतका आनंद झाला का काय सांगू, जसं एखाद्या परक्या गावात आपल्या गावचा माणूस भेटावा. आन् मी विचार केला (अंगणवाडीत एवढे वर्ष काढले तरी मी असाच विचार केला, हे तू लक्षात ठेव): ही गोळी पाळी लांबवते. माही पाळी तं इतकी लांब गेली का आता तिले आणखी कुठं लांबवाचं? तं देऊन टाकली. रुखमिणीनं पदर पसरून घेतली. बाई, माह्या हातचा चहा वीस वर्षं न घेणारी बाई माह्या हातची गोळी पदरात घेऊन चालली होती. मी दारात उभी राहून पाहतच राहिली.

महालक्ष्म्या झाल्यावर तिनं पुरणपोळी पाठवली. मी ती प्रसाद म्हणून नाही खाल्ली, पुरणपोळी म्हणून खाल्ली. चांगली होती. मंग हे वाढत गेलं. दसरा, दिवाळी, मंग गावची मंडई (त्या जत्रेत तं घरोघरी पाहुणे, नाटकं, त्या वक्ती सुनेनं बाजूले बसणं कोणालेच परवडत नाही), मंग लगनं. मी दुकानातून आणो, आन् ते पत्ते दारातूनच जाऊ लागले. बाया यायच्या, बसायच्या नाही, पण यायच्या. रस्त्यानं चालली का "विमलाबाई, कुठं चालल्या?" म्हणत. सुगतचे बाबा एकदा म्हणाले, "गर्दी." बस, तेवढंच. मले त्या गर्दीचा अभिमान होता, कायले लपवू.

इकडं माहं थोडं थोडं जाणं सुरू झालं. आधी ठिपका. मंग दोन दिवस. मंग केव्हाही. आधी ते शहाण्यासारखं ठरल्या दिवशी येत होतं, आता त्याले ना तारीख ना वेळ. कधी अंगणवाडीच्या मिटिंगमध्ये, कधी काळीपिवळी जीपमध्ये, मधल्या सीटवर, दोन्हीकडून माणसं. मी म्हटलं उष्णता असन. ताक पेलं. बेल खाल्लं. कोणाले सांगतलं नाही. शेवटी कापड पुरेना तं सुगतच्या बाबाले भंडाऱ्याहून पॅड आणाले लावले. त्यायनं आयुष्यात पहिल्यांदा आणले. दुकानदारानं पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत देल्ले, आन् हे ते सायकलच्या हँडलले लटकवून प्लांटच्या गेटवर आले. त्यायच्या संगंचा परसराम विचारे, "काय आणलं गा?" हे म्हणाले, "डबलरोटी." परसरामच्या हातात चहा होता. त्यानं म्हटलं, "काढ ना मंग एक." हे तसेच सायकलवर बसून घरी आले, ड्युटी न करता. परसराम अजून बोलत नाही त्यायच्यासंगं.

आता बुद्ध पौर्णिमेचं ऐक. मी आपली पांढरी साडी नेसून विहारात, दुसऱ्या ओळीत. नागपूरहून भन्तेजी आले होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मंग ध्यान. डोळे मिटले आन् तेवढ्यात मले समजलं. थोडं नाही, बहुत. पांढरी साडी बाई, कडक इस्त्रीची. साधु साधु झालं, सगळ्यायनं डोळे उघडले, मी नाही उघडले. काय करू? उठली असती तं पूर्ण वरठीले दिसलं असतं. मी तशीच बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. महिला मंडळाच्या बेबीबाई माह्या कानाजवळ आल्या, श्वास पाहिला आन् मागं जाऊन म्हणाल्या, "विमलाबाईचं लागलं." ध्यान लागलं म्हणून. भन्तेजीनं हळूच सांगतलं का कोणी उपासिकेले हात लावू नका, गृहिणीचं मनही इतकं स्थिर होऊ शकते, पाहा. मंग तं लोक जाईचनात. माह्या मागं येऊन बसू लागले. कोणीतरी खिरीची वाटी समोर ठेवली. तिच्यात मुंग्या आल्या, माह्या पायावर आल्या, तरी मी स्थिर. माही अंगणवाडीतली एक पोट्टी पापणीले बोट लावून गेली. आतून मी कशी होती ते मलेच माहीत. पोटात दुखत होतं, आन् पहिल्यांदा मनात आलं का हे उष्णतेचं नाही. हे दुसरं काही हाये. ते नाव मनात आलं, जे आपण घरात घेत नाही. आपल्या काकूले झालतं ते. डोळे मिटलेलेच होते, त्याच्यातूनच पाणी आलं, तं लोकायनं हात जोडले.

शेवटी सुगतचे बाबा आले. माह्याकडं पाहिलं, खाली पाहिलं, माह्या बाजूले बसले. बराच वेळ बसले. मंग तोंड न हालवता विचारलं, "किती?" मी म्हटलं, "बहुत." तसे ते उभे झाले आन् सगळ्यायसमोर वर्षभराचं बोलणं एका दमात बोलले: "या सतरंज्या मळल्या. धुवून आणतो. उठा सगळे." भन्तेजीसकट सगळे उठले. सतरंजी माह्या खांद्यावरून पायापर्यंत टाकली, आन् मी तशीच चालत घरी आली. "या सतरंज्या" म्हणाले म्हून विहारातल्या सगळ्याच धुवा लागल्या. माहीवाली त्यायनं सोता धुतली. पाणी कोणत्या रंगाचं निघून राहिलं ते पाहिलं आन् म्हणाले, "भंडाऱ्याले जाऊ."

डॉक्टरीननं विचारलं, दुसरी गोळी बरोबर घेता ना? मी म्हटलं, नाही. काहून? वाटली. तिनं पेन खाली ठेवला. "वाटली? कोणाले वाटली?" मी सांगतलं सगळं. महालक्ष्म्या, मंडई, लगनं. ती म्हणे, "तुम्ही अंगणवाडीच्या ना?" बाई, नंतर जे मशीन लावलं, तपासलं, त्याचं काहीच नाही, पण तो एक प्रश्न अजून दुखते. तिनं समजावलं तं मले आपल्या धानाच्या बांधीसारखं समजलं. पहिली गोळी म्हणजे बांधीत पाणी सोडणं. पिशवीच्या आतला थर त्यानं वाढते. दुसरी म्हणजे वेळेवर बांध फोडून ते काढून देणं. मी नुसतं सोडतच गेली. थर जाड होत गेला, आन् मंग ते मन मानेल तसं, मन मानेल तवा फुटू लागलं. आन् असा थर फार दिवस राहिला तं त्याच्यातून ते होऊ शकते, ज्याचं नाव आपण घेत नाही. तिनं नाव घेतलं. तुकडा काढून तपासाले पाठवावा लागन म्हणाली. आन् त्या पोरींले न तपासता गोळ्या देल्ल्या, एखादीले दिवस गेले असते तं, असंही म्हणाली. मी मान खाली घालून बसली. सुगतचे बाबा बाहेर बाकावर होते. मी त्यायले सांगतलं, "तुकडा काढतील." ते उठले, आन् दवाखान्याच्या आंगणातून उगाच एक चक्कर मारून परत येऊन बसले.

तुकडा देल्ला. (दुखलं. किती ते लिहीत नाही. सहन होते, एवढं लिहितो.) आन् रिपोर्टची वाट पाहून राहिली तवाच रुखमिणी पुन्हा दारात. भाच्याचं लगन होतं. मी म्हटलं, आता नाही देत. म्हणे, "काहून? दुसऱ्या कोणाले कबूल केल्या का?" मी म्हटलं, मलेच लागते. तिनं माह्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं, या वयात हिले कायची तारीख लांबवाची हाये असं, आन् गेली. दोन दिवसात गल्लीत झालं का विमलाबाई आता फक्त आपल्याच लोकायले देते.

मंग तिची सून आली, रुपा. मागच्या दारात नाही, अंगणवाडीत, पोट्ट्याले कडेवर घेऊन. म्हणे, "काकू, एक सांगू? रागवाल नाही ना?"

"सांग ना."

"बरं झालं तुमी बंद केल्या." ती म्हणे, "ते चार दिवस मले कोणी चुलीले हात लावू देत नोतं, भांड्याले नाही, म्हशीले नाही. ओसरीच्या कोपऱ्यात गोधडी टाकून पडून राहो मी. उठ म्हणाले कोणी येत नोतं. लगन झाल्यापासून तेवढीच सुट्टी होती माही. तुमच्या गोळीनं तीही गेली. मंडईत पाहुण्यायचा भात उपसता उपसता तुमचंच नाव घेत होती मी."

"चांगलं घेत होती का वाईट?"

"आता काकू, तुमीच समजा."

बाई, मी काय समजू? बाजूले बसवणं वाईटच, ते मी मरेपर्यंत म्हणन, आपल्या बुढ्यायनं उगाच नाही सोडलं ते. मले वाटे मी त्या पोरीले कोपऱ्यातून उठवून मानानं घरात बसवून राहिली. आन् ती तिथं आराम करत होती. तिले विचारलंच नाही मी कधी. गोळी सासू मांगे, मी सासूले देओ, गिळे ती. आन् तिच्या आरामावर, माह्या पिशवीवर, मी रस्त्यानं ताठ चालो. तिच्या पोट्ट्याले खिचडी दोनदा वाढली. आन् तिले म्हटलं, डॉक्टरीनले न विचारता कोणाचीही गोळी घेऊ नको, माही पण नको.

रिपोर्ट आला. ते नाही हाये. पुन्हा लिहितो, कारण मी पण दोनदा विचारलं: ते नाही हाये. डॉक्टरीन कागद पाहून हसली, तवा मले पहिल्यांदा दिसलं का तिच्या पुढच्या दातात फट हाये. थर नुसता वाढलेला हाये, वाईट नाही. आता दुसरी गोळी एकही दिवस न चुकवता घ्याची, मंग ठरलेल्या दिवशी ठरलेलं जाईन. मधातच गेलं, किंवा बहुत गेलं, तं ताक-बेल न करता सरळ याचं. आन् काही महिन्यानं पुन्हा मशीनवर पाहणार. सुगतचे बाबा आता जेवण झालं का "घेतली?" म्हणते. म्हणजे त्यायचा दिवसाचा शब्द आता माह्यावरच खर्च होते.

तं अशी मी मजेत हाये. तू काळजी करू नको, बीपी वाढवू नको, आन् इतक्या दूर माह्यासाठी येण्याची काही गरज नाही.

तुही धाकटी,
विमला

ता. क. येण्याची गरज नाही म्हटलं, पण आलीच तं लाखोरीची डाळ घेऊन ये. इथली शिजत नाही.

ता. क. पुन्हा. रिपोर्ट देताना डॉक्टरीननं विचारलं होतं, बहीण हाये का? मी म्हटलं, एक हाये, मोठी, अड्याळले. तिले या वयात काही जाते का? मी म्हटलं, नाही. तू मले कधी काही सांगतलं नाही, म्हून नाही म्हटलं. पण माह्या पोरीच्या, दीपमालाच्या लगनात तू चार दिवस माह्या घरी होती, आन् हळदीच्या सकाळी तू मले जुनं सुती लुगडं मांगतलं, गुडघ्याले बांधाले. मी फाडून देल्लं. दुपारी तू नेसलेलं लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन तांदूळ निवडत होती. गुडघ्यावर काही बांधलेलं नोतं बाई. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा मांगतलं. मी तवा लगनाच्या गडबडीत होती, मी पाहिलं आन् पाहून सोडून देल्लं. तुही पाळी तं माय गेली त्या सालीच गेली. माह्या रक्ताले गोळीचं कारण तरी निघालं. तू तं कोणतीच गोळी घेत नाही.

ता. क. आणखी एक, आन् हाच खरा. डॉक्टरीन म्हणते, पाळी जाऊन वर्ष झालं आन् मंग एक ठिपकाही दिसला तं तपासाचं, गोळी असो का नसो. बहुतेक बायांले वाईट निघत नाही, पण घरी बसून कोणालेच कळत नाही. येत्या बुधवारचा नंबर मी लावून आली. तुह्या नावानं. भाऊजीले सांग, विमलाले दवाखान्यात न्याचं हाये, संगं बाईमाणूस पायजे. मी भंडाऱ्याच्या स्टँडवर उभी राहीन, सुगतचे बाबा पण सुट्टी टाकून येऊन राहिले. त्या दिवशी तू गाडीतून उतरली नाही तं मी तिथूनच अड्याळची गाडी धरीन, आन् जे तू मले सांगतलं नाही ते भाऊजीच्या समोर मोठ्यानं विचारीन.